रक्ताचा कागद आणि छातीचा फोटो



या गटात आपण पोळा, गोटमार, सौंसरची जुनी छोटी गाडी, संत्र्याचे बगीचे, शाळेतले गुरुजी यांच्या आठवणी लिहितो. आज मी एका आजारपणाची आठवण लिहितोय. विषय जड आहे, पण लिहायला कारण घडलं. गेल्या वर्षभरात पांढुर्ण्यातले आणि सौंसरमधले तीन-चार ओळखीचे लोक हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "भाऊसाहेब, कॅन्सर पसरला का नाही, थे यात समजते काय?"

मी डॉक्टर नाही. माझा जन्म बँकेतल्या खातेवह्यांत गेला. पण आमच्या नात्यात हाडाच्या कॅन्सरमधून गेलेला एक पोरगा आहे आणि त्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या रिपोर्टांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी वेळोवेळी जे समजावून सांगितलं तेही त्याच रजिस्टरात लिहून ठेवलं आहे. त्याच्या आधारानेच हे लिहितो. पोराला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून लिहितोय. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही.

पोरगा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. ती सौंसरला दिलेली. घरी कापूस आणि संत्र्याची शेती. २०२२ च्या पोळ्याला पोरगा आमच्याकडे पांढुर्ण्याला आला होता, पंधरा वर्षांचा, दहावीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. पोरांना आम्ही नदीकाठी जाऊ देत नाही, गच्चीवरूनच पाहा म्हणतो. तरी त्या गर्दीत कुठे तरी धक्का लागला असेल असं सगळ्यांनी धरून चाललं, कारण डाव्या गुडघ्याच्या वर दुखतंय असं तो त्याच आठवड्यात म्हणायला लागला. सौंसरला गेल्यावर लेप झाला, शेक झाला, एका चोळणाऱ्याकडून दोनदा चोळूनही घेतलं. दुखणं काही थांबेना. दिवसा खेळताना कमी आणि रात्री पडल्या पडल्या जास्त, असं त्याचं होतं. पोरगं रात्री उठून बसायचं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मार लागल्याने हा आजार होत नाही. मार लागलेल्या जागी लक्ष जातं आणि मग तिथे आधीपासून असलेलं दुखणं समजतं, एवढंच. आणि गाठ असेल तिथे चोळणं फार वाईट. वाढत्या वयाच्या पोराचं हाड रात्री दुखत असेल, सूज असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, तर आधी एक्स-रे काढायचा. एक्स-रेला फार पैसे लागत नाहीत.

एक्स-रेच्या आधी सौंसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्या कागदावर अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या ओळीत १,१४० हा आकडा होता आणि पुढे तारा छापलेला. बाजूला छापलेली मर्यादा होती १३० पर्यंत. घरात रडारड सुरू झाली. भाच्याचा मला फोन आला, "मामाजी, एकशेतीसच्या जागी अकराशे हाय म्हंते!"

इथे पहिली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अल्कलाइन फॉस्फटेज, ज्याला डॉक्टर एएलपी म्हणतात, हे आपल्या शरीरातलं एक विकर आहे. नवं हाड घडवणाऱ्या पेशी ते सोडतात, यकृतही सोडतं. त्यामुळे ज्याचं हाड वाढतंय त्याच्या रक्तात ते जास्तच असणार. चौदा-पंधरा वर्षांच्या, झपाट्याने उंच होणाऱ्या पोराचं एएलपी तीनशे-चारशे असणं ही निरोगी गोष्ट आहे. कागदावर छापलेली १३० ची मर्यादा मोठ्या माणसांची होती. म्हणजे तारा पाहून घाबरायचं कारण नव्हतं. पण अकराशे हा आकडा वाढत्या पोराच्या हिशेबानेही फार होता, आणि सोबत सूज होती, रात्रीचं दुखणं होतं. म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी एक्स-रे काढला आणि तो पाहून नागपूरची चिठ्ठी लिहिली.

आपल्या भागाचं आजारपण नागपूरलाच जातं. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मग राज्यं वेगळी झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हाही झाला. पण मोठं दुखणं आलं की पांढुर्ण्याचा रस्ता आणि सौंसरचा रस्ता सावनेरला मिळतात आणि पुढे नागपूर. आपण मध्य प्रदेशचे, म्हणून महाराष्ट्राची फुले योजना आपल्याला लागू होत नाही. आयुष्मान कार्ड मात्र देशभर चालतं आणि वर्षाला एका कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आधार देतं. आमच्या पोराचा बराचसा इलाज त्याच कार्डावर झाला. ज्यांच्या घरी अजून कार्ड काढलेलं नाही त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी तेवढं काम करावं.

नागपूरला एमआरआय झाला, सुईने तुकडा घेऊन तपासला आणि नाव समजलं: ऑस्टिओसार्कोमा. हाडातच सुरू होणारा कॅन्सर. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याजवळ. हा आजार बहुतेक करून वाढत्या पोरांना होतो आणि गुडघ्याच्या आसपासच जास्त दिसतो, कारण उंची वाढताना सर्वांत जोरात वाढणारी जागा तीच. तुकडा कुठून काढायचा हेसुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायचं असतं, हे तिथे समजलं. चुकीच्या जागेवरून सुई घातली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं.

त्या दिवशी भाच्याने डॉक्टरांना विचारलं, "साहेब, पसरला तं नाही?" डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी रजिस्टराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. हा आजार पसरतो तो मुख्यतः फुप्फुसांत. निदान होतं तेव्हाच शंभरातल्या पंधरा-वीस जणांच्या फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात गाठी दिसतात. बाकीच्यांच्या फोटोत काही दिसत नाही, पण त्यांच्यातल्याही बहुतेकांच्या अंगात बारीक बारीक कण आधीच सुटलेले असतात. हे कशावरून समजलं? तर केमोथेरपी नव्हती त्या काळी नुसता पाय कापायचे आणि शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांच्या फुप्फुसात पुढे गाठी निघायच्याच. म्हणजे पाय कापला त्या दिवशी आजार पायाबाहेर गेलेला होता, फक्त कोणाला दिसत नव्हता.

कॅनडाचा टेरी फॉक्स आपल्यापैकी काहींना आठवत असेल. १९७७ साली, अठराव्या वर्षी याच आजाराने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. १९८० मध्ये नकली पायावर तो कॅनडा पळत ओलांडायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. १ सप्टेंबर १९८० ला छातीत दुखून, श्वास लागून थांबला, तेव्हा कळलं की कॅन्सर फुप्फुसात पोचलाय. २८ जून १९८१ ला तो गेला, बावीस वर्षांचा. ही गोष्ट मी पोराला तेव्हा सांगितली नाही, आता सांगितली आहे. फुप्फुसातली गाठ एवढी मोठी होईपर्यंत पळणाऱ्या माणसालाही समजत नाही, हे त्यातून घ्यायचं.

मग रक्तातून आधी समजावं असं डॉक्टर लोकांना वाटणारच. या खटपटीला जवळपास शंभर वर्षं होत आली. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर आणि एथेल गटमन या नवरा-बायकोने १९३८ साली दाखवलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरलेल्या पुरुषांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज नावाचं विकर वाढलेलं सापडतं. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी त्याच आकड्याच्या चढउतारावरून इलाज लागू पडतोय की नाही हे तपासलं, आणि पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रक्तातल्या आकड्याने हाडातल्या कॅन्सरची खबर मिळते, ही कल्पना तेव्हापासूनची. ऑस्टिओसार्कोमात डॉक्टर दोन आकडे बघतात. एक एएलपी आणि दुसरा एलडीएच. एलडीएच हे शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींत असतं आणि पेशी फुटल्या की रक्तात सांडतं. सुरुवातीलाच हे दोन्ही आकडे खूप चढलेले असतील तर आजाराचा बोजा मोठा, पसरलेला असण्याची किंवा पुढे पसरण्याची भीती जास्त, असं डॉक्टर मानतात.

आमच्या पोराचं एएलपी १,१४० आणि एलडीएच ४१२. दोन्ही चढलेले. म्हणून छातीचा सीटी स्कॅन अगदी बारीक कापांचा काढला, सगळ्या अंगाच्या हाडांचाही स्कॅन केला. दोन्हीत काही निघालं नाही. त्या दिवशी आम्ही सीताबर्डीवर सगळ्यांनी मिळून जेवण केलं, कॅन्सरचं निदान झालेल्या आठवड्यात. बाहेरच्याला विचित्र वाटेल.

रजिस्टरची कल्पना माझीच. कागद पिशवीत कोंबलेले असायचे, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, "मागचा आकडा किती होता?" मी दुकानातून लांब खातेवही आणली आणि रकाने आखले. तारीख, कोणती लॅब, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एएलपी, एलडीएच, स्कॅन, आणि शेवटी शेरा. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने आपल्याकडच्या पोरांसाठी केमोची जी पद्धत बसवली आहे, तीन औषधांची आणि मेथोट्रेक्सेटचा जबर डोस वगळून, तीच नागपूरच्या डॉक्टरांनी वापरली. मेथोट्रेक्सेटचा तो डोस दिला तर औषध रक्तात किती उरलंय ते पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. ती अडचण टाटावाल्यांनी अशी सोडवली.

केमोचे ते महिने आठवले की अजूनही नको वाटतं. लाल औषध चढलं की दोन दिवस पोरगा पाण्याच्या वासानेही ओकायचा. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की ताप, ताप आला की मध्यरात्री सावनेरवरून गाडी नागपूरला. त्या सगळ्यात एएलपीचा रकाना तेवढा आम्हाला धीर द्यायचा. १,१४० चे ६२०, मग ३१०. पोरगा फोनवर पहिलं हेच विचारायचा, "आबाजी, आकडा उतरला का?" जानेवारी २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. हाडाचा आजारी भाग काढून धातूचा सांधा बसवला, पाय वाचला. काढलेल्या हाडात बहुतेक पेशी मेलेल्या निघाल्या, म्हणजे औषध लागू पडलं होतं. जूनमध्ये शेवटची केमो. एएलपी १६५.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी: रक्त आणि छातीचा सीटी. इलाज संपलेल्या घराचे दिवस या तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी मोजले जातात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. आमच्या घरी या काळात तीन घटना घडल्या. रक्ताच्या कागदावर किती भरवसा ठेवायचा, ते मला त्यातूनच उमगलं.

पहिली घटना डिसेंबर २०२३ ची. रक्त सौंसरलाच दिलं होतं. एलडीएच आला ५३८. शेवटच्या केमोनंतर तो दोनशेच्या आसपास होता. भाच्याने इंटरनेटवर वाचलं की एलडीएच वाढणं म्हणजे आजार उलटला. त्या रात्री त्या घरात कोणी जेवलं नाही. बहीण देवापुढे बसून राहिली, जामसावळीच्या मारुतीला नवस बोलली. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खाली बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली: नमुन्यात लाल पेशी फुटलेल्या आहेत. सुई टोचताना अडचण आली, नळी जोरात हलली, प्रवासात वेळ गेला, की नळीतच लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एलडीएच बाहेर येतं. आकडा पोराच्या शरीराचा नव्हता, नळीतल्या गडबडीचा होता. तिथेच पुन्हा रक्त घेतलं, २०४ आला. सीटीही स्वच्छ.

दुसरी घटना खुद्द माझ्या बहिणीची. पोराच्या निमित्ताने तिनेही रक्त तपासून घेतलं तर तिचं एएलपी २१०, पुढे तारा. सूनबाईने तो तारा पाहिला आणि घाबरून मला फोन लावला. तपासाअंती निघालं ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. हाडं ठिसूळ होत असली की त्यांची डागडुजी करणाऱ्या पेशी जास्त काम करतात आणि एएलपी वाढतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे फार आढळतं. यकृताच्या, पित्ताच्या दुखण्यानेही ते वाढतं. हाड मोडून जुळत असेल तरी वाढतं. आकडा हाडाचा की यकृताचा हे पाहायला डॉक्टर जीजीटी नावाची दुसरी तपासणी करतात. बहिणीचं गोळ्यांवर भागलं.

तिसरी घटना सांगण्यासाठीच खरं तर मी एवढं लिहिलं.

जून २०२४. इलाज संपून वर्ष झालेलं. पोरगा दहावी पास होऊन अकरावीत जाणार, चालताना कोणाला समजणारही नाही इतका पाय चांगला. रक्त दिलं: एएलपी १७८, एलडीएच २०१. एकही तारा नाही. त्याच आठवड्यात सीटी काढायचा होता. पाऊस पडून गेला होता, कपाशीच्या लागवडीचे दिवस. भाच्याने मला फोन केला, "मामाजी, रक्त तं सारं नॉर्मल आलं. दोनदा उगाच भेवलो आपण. सीटी पुढल्या महिन्यात काढू, आता मजूर भेटले हायेत." त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दोन वेळा रक्ताने खोटं भय दाखवलं, आता तेच रक्त चांगलं म्हणतंय, तर माणूस त्यावर विश्वास ठेवणारच. सीटीचा खर्च, गाडीभाडं, दिवसाची मजुरी, हे सगळं त्याच्यासमोर होतं.

फोन बहिणीने हातात घेतला. ती चौथी शिकलेली आहे. म्हणाली, "भाऊ, कागद चांगला आला तं चांगलंच हाय. पण डाक्टरनं फोटो काढाले सांगतला हाय नं? मंग काढाचा. कपाशी चार दिवस उशिरा लागली तं काय होते?"

मला बँकेतली रोजची संध्याकाळ आठवली. पुस्तकात बाकी जुळली तरी रोकड हाताने मोजल्याशिवाय तिजोरीला कुलूप लागत नसे. रक्ताचा कागद म्हणजे पुस्तकातली बाकी. मी भाच्याला एवढंच म्हणालो, "उद्या सकाळची गाडी सांग, मी पण येतो."

सीटीत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सात मिलिमीटरची एक गाठ दिसली.

एवढी लहान गाठ कशाचीही असू शकते, जुन्या जंतुसंसर्गाची खूणही असू शकते. म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे थांबून पुन्हा फोटो काढला. ते सहा आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. दुसऱ्या फोटोत ती अकरा मिलिमीटर झाली होती. रक्त तेव्हाही सर्व नॉर्मल. ऑगस्टमध्ये छाती उघडून गाठ काढली, सर्जनने हाताने चाचपून बाकीचं फुप्फुसही पाहिलं. तपासणीत तीच निघाली, ऑस्टिओसार्कोमाची.

मी डॉक्टरांना विचारलं, रक्तात का नाही आलं? त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा मांडीत मुठीएवढी गाठ होती, ती रक्तात भरपूर विकर सोडत होती, म्हणून आकडा चढला. ही वाटाण्याएवढी. ती जे काही सोडत असेल ते वाढत्या पोराच्या स्वतःच्या हाडांच्या एएलपीत बुडून जातं. धरणात तांब्याभर रंग ओतला तर पाणी रंगत नाही, तसं. आणि फुप्फुसातली अशी गाठ एकटी असताना, लहान असताना, पूर्ण काढता आली तरच पोराला पुढे चांगली संधी असते. आकडा चढेपर्यंत थांबलो असतो तर एकाच्या अनेक झाल्या असत्या.

आता नव्या तपासण्यांबद्दल, कारण व्हॉट्सॲपवर "एका थेंबात सगळे कॅन्सर" असले निरोप फिरत असतात. यात खरं काय? कॅन्सरच्या पेशी रक्तात फिरतात हे नवं नाही. १८६९ मध्ये थॉमस ॲशवर्थ या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टराने एका मृत रोग्याच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी पाहून लिहून ठेवलं होतं. आज अशा पेशी किंवा गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात शोधण्याची यंत्रं आली आहेत. महाराष्ट्रात नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी या कामात आहे. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रक्ततपासणीला २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' हा दर्जा दिला. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. पण तो दर्जा म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर अर्ज पुढे सरकला, कर्ज अजून हातात आलेलं नाही. ऑस्टिओसार्कोमातही डीएनएच्या तुकड्यांवर जगभर अभ्यास चालू आहे आणि त्यात आशा आहे. पण आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते स्पष्ट म्हणाले, "आज छातीचा सीटी बंद करून त्याच्या जागी भरवसा ठेवावा असं रक्तात काही नाही." कोणी हजारो रुपये घेऊन तसं सांगत असेल तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

माझ्या वयाच्या मंडळींसाठीही दोन ओळी. आपल्या वयात हाडातच सुरू झालेला कॅन्सर क्वचित. दुसरीकडचा हाडात उतरलेला जास्त. पुरुषांत प्रोस्टेटचा, बायकांत स्तनाचा. साठी ओलांडल्यावर नवीन सुरू झालेली, रात्री झोपेतून उठवणारी, आठवडे-आठवडे न थांबणारी कंबरदुखी ही "वयच झालं" म्हणून सोडू नये. पुरुषांनी डॉक्टरांना पीएसए करायचं का हे विचारावं. तो वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा सुजली तरी वाढतो. एएलपीसारखंच आहे हेही. आकडा आपल्याला पुढची तपासणी सांगतो, निकाल सांगत नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी एक वही करावी. प्रत्येक रिपोर्टची तारीख, लॅबचं नाव आणि आकडा लिहावा. होईल तेवढं एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं, कारण दोन लॅबच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात आणि उगाच फरक दिसतो. एकट्या आकड्यापेक्षा तीन-चार आकड्यांची चाल डॉक्टरांच्या उपयोगी पडते. तारा दिसला तर रोग्याच्या वयाची मर्यादा विचारावी. आणि रक्त कितीही चांगलं आलं तरी सांगितलेला स्कॅन पुढे ढकलू नये.

आता पोराचं सांगतो. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर आजवरच्या सगळ्या सीटींत काही निघालेलं नाही. डॉक्टर "बरा झाला" हा शब्द अजून वापरत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. यंदा त्याने बारावीची परीक्षा दिली. कॉमर्स घेतलंय, ते माझ्यामुळे असं घरचे म्हणतात. रजिस्टर आता तो स्वतःच लिहितो, माझ्यापेक्षा अक्षर वाईट आहे पण रकाने नीट भरतो. पुढची तारीख पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली आहे. रक्तही आहे आणि फोटोही. भाच्याने त्या दिवसाची गाडी आत्ताच सांगून ठेवली आहे.

लांबलं खूप, सांभाळून घ्या. आपल्या भागातल्या कोणाला नागपूरला जाताना सोबत, कार्डाची माहिती किंवा वही कशी आखायची ते हवं असेल तर इथेच खाली लिहा. या आजारातून तुमच्या घरचं कोणी गेलं असेल, तर तो अनुभवही लिहा. दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.